स्वतःचंच आयुष्य चौकटीत: ग्राफिक आत्मकथन म्हणजे नेमकं काय आणि त्यावरून एवढे वाद का होतात?

१९९१च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ला एका लेखकाने पत्र पाठवलं. त्याचं पुस्तक सर्वाधिक खपाच्या यादीत आलं होतं, पण त्याची तक्रार वेगळीच होती. वर्तमानपत्राने ते 'फिक्शन'च्या यादीत टाकलं होतं. पुस्तकात त्याच्या वडिलांनी ऑशविट्झच्या छळछावणीत काढलेल्या दिवसांची हकिकत होती. ती काल्पनिक कशी असेल, असा त्याचा सवाल होता.

आता वर्तमानपत्राची अडचणही समजून घ्या. पुस्तकातल्या ज्यू माणसांना उंदरांची तोंडं होती आणि नाझींना मांजरांची. एक संपादक म्हणे म्हणाला, की लेखकाच्या घराची बेल वाजवून बघू, दार जर मोठ्या उंदराने उघडलं तर पुस्तक 'नॉन-फिक्शन'मध्ये टाकू. उंदीर काही निघाला नाही, पण पुस्तक यादी बदलून 'नॉन-फिक्शन'मध्ये गेलं. हे पुस्तक म्हणजे आर्ट स्पीगलमन यांचं 'माऊस'. पुढच्याच वर्षी, १९९२मध्ये, त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारं ते पहिलं ग्राफिक नॉव्हेल.

चित्रात उंदीर काढला तरी गोष्ट खरी असू शकते का? स्वतःच्या आयुष्यावरच्या कॉमिक्सभोवतीचे बहुतेक वाद याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

आधी नावाचा घोळ

'ग्राफिक नॉव्हेल' म्हटलं की कादंबरी डोळ्यांसमोर येते, म्हणजे रचलेली गोष्ट. पण या नावाखाली विकली जाणारी अनेक गाजलेली पुस्तकं कादंबऱ्या नाहीतच. ती आत्मकथनं आहेत, फक्त चित्रांतून सांगितलेली. इंग्रजीत त्यांना 'ग्राफिक मेम्वार' म्हणतात. आपण ग्राफिक आत्मकथन म्हणू.

गंमत म्हणजे ज्या पुस्तकामुळे 'ग्राफिक नॉव्हेल' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला, त्याच्या पोटातही आत्मकथनच दडलेलं होतं. विल आइस्नर यांचं 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड' १९७८मध्ये आलं. त्यातल्या शीर्षककथेत दत्तक मुलगी गमावलेला एक भाविक माणूस देवाला जाब विचारतो. आइस्नर यांची सोळा वर्षांची मुलगी ल्युकेमियाने गेली होती. कथेमागचं हे दुःख त्यांनी वाचकांना सांगितलं ते बऱ्याच वर्षांनी.

१९७२: एकाच वर्षी तीन ठिणग्या

सुपरहिरो, जासूस आणि बोलणारे प्राणी सोडून चित्रकाराने थेट स्वतःबद्दल बोलायला कधी सुरुवात केली? तुरळक उदाहरणं आधीचीही आहेत, पण १९७२ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या वर्षी अमेरिकेत जस्टिन ग्रीन यांचं 'बिंकी ब्राऊन मीट्स द होली व्हर्जिन मेरी' हे छोटंसं कॉमिक आलं. कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या मुलाला वाटत असतं की आपल्या अंगातून पापी किरणं बाहेर पडतात आणि ती चर्चकडे, मेरीच्या मूर्तीकडे जाता कामा नयेत. ती टाळण्यासाठी तो दिवसभर नाना खटाटोप करतो. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. ग्रीन यांनी हे काढलं तेव्हा आपल्या त्रासाला असं काही नाव आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

याच १९७२मध्ये स्पीगलमन यांनी 'माऊस'ची पहिली, अवघी तीन पानांची आवृत्ती काढली. 'बिंकी ब्राऊन' नसतं तर 'माऊस'ही झालं नसतं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं आहे.

आणि त्याच वर्षी जपानमध्ये केइजी नाकाझावा यांनी 'ओरे वा मिता' काढलं. अर्थ साधा आहे: 'मी पाहिलं'.

नाकाझावांनी काय पाहिलं?

६ ऑगस्ट १९४५. हिरोशिमात सहा वर्षांचा केइजी शाळेच्या फाटकापाशी उभा होता. अणुबॉम्ब पडला ती जागा तिथून जेमतेम सव्वा किलोमीटरवर. तो शाळेच्या काँक्रीटच्या भिंतीच्या आडोशाला होता म्हणून वाचला. ज्या बाईंशी तो बोलत होता, त्या गेल्या. घरी वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ मरण पावले. आई गरोदर होती. त्याच दिवशी, रस्त्यावरच, ती बाळंत झाली. ती मुलगीही फार जगली नाही.

पुढे नाकाझावा चित्रकार होऊन टोकियोला गेले. पण आपण हिरोशिमाचे आहोत हे सांगायला ते कचरत. बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानी भाषेत 'हिबाकुशा' म्हणतात आणि किरणोत्साराच्या भीतीने लोक त्यांच्यापासून लांब राहत. लग्नं मोडत, नोकऱ्या मिळत नसत. म्हणून नाकाझावा बेसबॉल वगैरे चारचौघांच्या विषयांवर कॉमिक्स काढत राहिले.

१९६६मध्ये आई वारली. जपानमध्ये दहनानंतर घरचे लोक अस्थी गोळा करतात. नाकाझावांना राखेत अस्थी जवळजवळ मिळाल्याच नाहीत. किरणोत्साराने आईची हाडंसुद्धा नेली, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या रागातून त्यांनी बॉम्बवर चित्रं काढायला घेतली. मोठी मासिकं ती छापायला तयार नव्हती. १९६८मध्ये एका कमी प्रतिष्ठेच्या मासिकाने पहिली कथा छापली. १९७२मध्ये 'मी पाहिलं' आलं आणि १९७३पासून 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन', हे दहा खंडांचं मोठं काम सुरू झालं. ते कुठे छापून आलं माहितीय? 'शोनेन जंप'मध्ये. होय, ज्यात पुढे 'ड्रॅगन बॉल' आणि 'वन पीस' आलं, तेच मुलांचं साप्ताहिक.

'अनवाणी गेन'मध्ये नायकाचं नाव केइजी नाही, गेन आहे. काही प्रसंग जोडलेले आहेत, काही पात्रं रचलेली आहेत. पण घर कोसळल्यावर आत अडकलेली माणसं आणि जवळ येणारी आग हा भाग नाकाझावांच्या घरात घडलेलाच. नाव बदललं की लिहिणाऱ्याला थोडं लांब उभं राहता येतं. आपल्याकडे दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार हा माणूस दया पवारांना आपली कहाणी सांगतोय, अशी रचना केली होती. दोघं एकच, पण मधे एक फट आहे. कॉमिक्समध्ये अशी फट प्रत्येक पानावर असते: वरच्या पट्टीत आजचा, मोठा झालेला माणूस बोलत असतो आणि खाली चित्रात त्याचंच लहानपण धावत असतं. गद्यात 'मी' हा एकच शब्द दोघांचं काम करतो. इथे दोघं वेगवेगळे दिसतात.

वडिलांना दिलेला शब्द

आता पुन्हा 'माऊस'. माझ्या मते या पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग छळछावणीतला नाही. तो न्यूयॉर्कमधल्या एका साध्या घरातला आहे.

स्पीगलमन टेपरेकॉर्डर घेऊन वडिलांकडे, म्हणजे व्लादेक यांच्याकडे जायचे. व्लादेक चिकट, हेकट आणि दुसऱ्या बायकोशी सतत भांडणारे. लग्नाआधी आपलं एका मुलीशी प्रकरण होतं, हे ते बोलता बोलता सांगून जातात. मग म्हणतात, हे पुस्तकात घालू नकोस, याचा त्या संहाराशी काय संबंध? मुलगा म्हणतो, नाही घालणार, शब्द देतो.

आणि आपण हे सगळं पुस्तकात वाचत असतो. शब्द देतानाचं चित्रसुद्धा.

पुढे कळतं की आर्ट यांच्या आईने, आन्याने, छावणीनंतर आपल्या आठवणी वह्यांमध्ये लिहून ठेवल्या होत्या. तिने १९६८मध्ये आत्महत्या केली. त्यानंतर दुःखाच्या भरात व्लादेकनी त्या वह्या जाळून टाकल्या. मुलगा बापाला खुनी म्हणतो आणि पहिला खंड तिथेच संपतो. एकाने आठवणी जाळल्या, दुसऱ्याने नको सांगितलेल्या छापल्या. कोणाचं बरोबर, हे पुस्तक सांगत नाही.

सत्याचा प्रश्नही स्पीगलमन लपवत नाहीत. छावणीच्या फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, अशी कागदोपत्री नोंद आहे. व्लादेकना तो आठवत नाही, त्यांना फक्त चालणारे पाय आठवतात. मग काढायचं काय? स्पीगलमननी आधी वाद्यवृंद काढला. नंतरच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांची रांग त्याच्यापुढे अशी आणली की मागून वाद्यांची टोकं तेवढी दिसतात. नोंदही राहिली आणि बापाची आठवणही. गद्यात यासाठी एखादी लांबलचक तळटीप लागली असती.

आणि उंदीर? नाझी प्रचारात ज्यूंना उपद्रवी प्राणी म्हणत, उंदरांशी त्यांची तुलना करत. स्पीगलमननी तीच शिवी उचलली आणि तिचा वापर इतका काटेकोर केला की ती फुटायला लागते. दुसऱ्या खंडात एका ठिकाणी ते स्वतःला उंदराच्या तोंडाचं नाही, तर उंदराचा मुखवटा दोरीने बांधलेलं माणूस काढतात.

प्रत्येक पोझ आधी स्वतः द्यायची

अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन बेकडेल हे नाव तुम्ही कदाचित सिनेमाच्या चर्चेत ऐकलं असेल. चित्रपटात दोन बायका पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी एकमेकींशी बोलतात का, हे बघणारी 'बेकडेल टेस्ट' त्यांच्याच १९८५च्या एका कॉमिकमधून आली. २००६मध्ये त्यांचं 'फन होम' आलं. नाव फसवं आहे. फन म्हणजे मजा नव्हे, तर 'फ्युनरल होम'चा घरातल्या मुलांनी केलेला शॉर्टफॉर्म. अ‍ॅलिसनचे वडील इंग्रजीचे शिक्षक होते आणि घरचा अंत्यविधीचा व्यवसायही बघत.

आपण समलिंगी आहोत हे अ‍ॅलिसनने कॉलेजमधून पत्राने घरी कळवलं. उत्तरादाखल आईकडून कळलं की वडिलांचेही पुरुषांशी संबंध होते. काही महिन्यांतच, १९८०मध्ये, वडील ट्रकखाली आले. अपघात की आत्महत्या, याचा उलगडा कधीच झाला नाही.

हे पुस्तक पुरं व्हायला सात वर्षं लागली. कारण ऐकण्यासारखं आहे. चित्रातल्या प्रत्येक माणसाची पोझ बेकडेल आधी स्वतः देत, तिचा फोटो काढत आणि मग चित्र रेखाटत. म्हणजे मृत वडिलांच्या जागीही त्या शेकडो वेळा स्वतः उभ्या राहिल्या. जुनी पत्रं, नकाशे, डायरीची पानं त्यांनी चिकटवली नाहीत, हाताने पुन्हा काढली.

डायरीचा भाग मला सगळ्यात आवडतो. दहा वर्षांची अ‍ॅलिसन रोजनिशीत साध्या साध्या वाक्यांतही मधे 'मला वाटतं' घुसवायला लागली. आज अमुक केलं, पण खरंच केलं का? खात्री कशी द्यायची? पुढे तिने 'मला वाटतं'साठी एक खूण शोधली आणि मग ती खूण अख्ख्या पानावर पसरली. आठवणींवर लिहिणाऱ्या कोणालाही छळणारी शंका दहा वर्षांच्या मुलीच्या वहीत सापडते.

'फन होम'वरच्या संगीत नाटकाला २०१५मध्ये टोनी पुरस्कारही मिळाला.

पण चित्रंच का? लिहून भागलं नसतं?

एक कारण चेहऱ्याचं आहे. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये मांडलं की चेहरा जितका साधा, तितका वाचक त्यात स्वतःला बघतो. हुबेहूब चित्र म्हणजे कोणीतरी दुसरा माणूस. दोन ठिपके आणि एक रेघ म्हणजे कोणीही, अगदी आपणही.

मार्जान सात्रापी यांचं 'पर्सेपोलिस' याचं नेमकं उदाहरण. इराणमध्ये १९७९ची क्रांती झाली तेव्हा त्या लहान होत्या. शाळेत अचानक डोकं झाकणं सक्तीचं झालं, मग इराकशी युद्ध पेटलं आणि १४व्या वर्षी आईवडिलांनी त्यांना एकटीला व्हिएन्नाला धाडलं. फ्रान्समध्ये २००० ते २००३ दरम्यान चार भागांत आलेल्या या पुस्तकात ठसठशीत काळा आणि पांढरा, एवढेच दोन रंग आहेत. बातम्यांत 'इराणी स्त्रिया' म्हणून दिसणारा काळ्या कपड्यांतला जमाव इथे वर्गातल्या मुली होऊन समोर येतो. कोणी बुरख्याची दोरी करून उड्या मारतेय, कोणी चिडलीय.

दुसरं कारण आजारपणाचं. वेदना शब्दांत सांगता येत नाही, हे आपण सगळेच म्हणतो. डेव्हिड स्मॉल यांच्या 'स्टिचेस'मध्ये (२००९) रेडिओलॉजिस्ट वडिलांनी लहानपणी उपचार म्हणून दिलेल्या क्ष-किरणांमुळे मुलाला कर्करोग होतो आणि शस्त्रक्रियेत आवाज जातो. आवाज गेलेल्या मुलाची गोष्ट, म्हणून पानंच्या पानं संवादाविना आहेत. अशा पुस्तकांना आता 'ग्राफिक मेडिसिन' असं नावच पडलंय.

आपल्याकडे: चौकट नको म्हणणारे चित्रकार

भारतातलं सगळ्यात वेगळं उदाहरण थेट महाराष्ट्राच्या मातीतलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला आलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवर इंग्रजीत एक छोटं टिपण लिहिलं होतं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यावर आधारित 'भीमायन' २०११मध्ये 'नवायन' प्रकाशनाने काढलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकार दांपत्याची.

प्रसंग मराठी वाचकाला माहीत असतील. १९०१चा उन्हाळा. लहानगा भीम भावंडांसोबत वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघतो. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी येत नाही. जात कळल्यावर बैलगाडीवाला बसवून घ्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरतो, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. जवळ खायला आहे, पण रात्रभर कोणी पाणी देत नाही.

व्याम दांपत्याने ठरावीक चौकटी आखायला नकार दिला. माणसांना खोक्यात कोंडायचं नाही, मोकळी जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. मग चौकटींच्या जागी भिंती-जमिनीवर काढायच्या पारंपरिक 'दिगना' नक्षीच्या वळणदार रेषा आल्या. संवादाचे फुगेसुद्धा वेगळे. साध्या-सरळ माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, तर जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. बोलणारा कसा आहे हे अक्षर वाचण्याआधी कळतं. आता हे आंबेडकरांनी स्वतः काढलेलं नाही, तेव्हा याला आत्मकथन म्हणायचं का, असं कोणी विचारेल. शब्दांचं मूळ त्यांचं, डोळे व्यामांचे. मला तरी हा प्रश्न पुस्तकापुढे किरकोळ वाटतो.

'भीमायन'च्या आधी, २००४मध्ये, भज्जू श्याम या गोंड चित्रकाराचं 'द लंडन जंगल बुक' आलं होतं. लंडनमधल्या एका भारतीय रेस्तराँच्या भिंती रंगवायला ते गेले आणि परतल्यावर तो प्रवास चित्रांत सांगितला. त्यात विमान म्हणजे हत्ती, बिग बेनचं घड्याळ म्हणजे कोंबडा आणि संध्याकाळी पबमध्ये जमणारे इंग्रज म्हणजे वटवाघळं! परदेशी प्रवाशांनी भारताची 'अजब' वर्णनं करायची, ही जुनी रीत इथे सरळ उलटी झालीय.

आणि काश्मीर. मलिक सजाद यांचं 'मुन्नू: अ बॉय फ्रॉम काश्मीर' २०१५मध्ये आलं. शोधमोहिमा, ओळख परेड, अंत्ययात्रा यांच्या मधोमध वाढणारा मुन्नू म्हणजे सजाद स्वतःच. किशोरवयातच त्यांची व्यंगचित्रं श्रीनगरच्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागली होती. पुस्तकात काश्मिरी माणसांना हंगुल हरणाची तोंडं आहेत, बाकीचे माणसांसारखे. हंगुल हा काश्मीरचा, नामशेष होत चाललेला प्राणी. 'माऊस'ची आठवण येणारच.

बंदी येते ती चित्रांवरच

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून 'माऊस' काढून टाकलं. मत १० विरुद्ध ०. आक्षेप होता काही शिव्यांवर आणि एका नग्न आकृतीवर. ती आकृती म्हणजे न्हाणीघरात मरून पडलेली आर्ट यांची आई, तीही इवलीशी. बातमी पसरली आणि पुस्तक ॲमेझॉनच्या विक्री यादीत वर जाऊन बसलं.

२०१३मध्ये शिकागोच्या शाळांत 'पर्सेपोलिस'वर आक्षेप आला, छळाची चित्रं सातवीच्या मुलांना झेपणार नाहीत म्हणून. त्याच सुमारास जपानच्या मात्सुए शहरात शाळांच्या वाचनालयातलं 'अनवाणी गेन' मुलांना सहज हाती लागू नये अशी व्यवस्था झाली. टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली. नाकाझावा तोवर गेले होते, डिसेंबर २०१२मध्ये. २०२३मध्ये तर खुद्द हिरोशिमा शहराने शांतता शिक्षणाच्या पाठांतून 'गेन' वगळलं.

तोच मजकूर नुसत्या अक्षरांत असता तर इतकी ओरड झाली असती का? शंका आहे. वाक्य वाचावं लागतं, चित्र पान उघडताक्षणी दिसतं. सभेत पुस्तक उघडून एक पान वर धरलं की आक्षेप तयार.

इन्स्टाग्रामवरचं 'आज माझ्यासोबत काय झालं'

तुमच्या फीडमध्ये रोज येणारी पॅनिक अटॅकची, आईच्या फोनची, ऑफिसातल्या बॉसची चार-सहा चौकटींची कॉमिक्स याच घराण्यातली. साध्या दिवसांवर कॉमिक काढायची वाट हार्वी पेकर यांनी १९७६मध्ये 'अमेरिकन स्प्लेंडर'ने पाडली. ते क्लीव्हलँडच्या एका सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क होते आणि त्यांना चित्र काढता येत नव्हतं. काड्यांची माणसं काढून ते मित्रांना देत, मित्र चित्रं काढत. नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत सोडली नाही.

इंटरनेटवर ब्रायन फीझ यांनी २००४मध्ये आईच्या कर्करोगावर 'मॉम्स कॅन्सर' निनावी टाकायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी त्याला डिजिटल कॉमिकसाठीचा आइस्नर पुरस्कार मिळाला, पुस्तक त्यानंतर आलं. ॲली ब्रॉश यांनी 'हायपरबोल अँड अ हाफ'मध्ये नैराश्यावर मुद्दाम वेडीवाकडी वाटतील अशी चित्रं काढली आणि ती जगभर शेअर झाली.

फरक जागेचा आहे. इन्स्टाग्रामच्या एका पोस्टमध्ये बरीच वर्षं जास्तीत जास्त १० चित्रं मावत, २०२४पासून २०. तेवढ्यात शेवटच्या स्लाइडवर काहीतरी दिलासा द्यावा लागतो. 'माऊस'मधला वाद्यवृंद या हिशोबात बसणं कठीण.

वाचायचं असेल तर

कॉमिक्सची सवय नसेल तर 'पर्सेपोलिस'पासून सुरुवात करा, एका बैठकीत अर्धं होतं. 'माऊस' सलग वाचू नका, दोन खंडांमध्ये थोडे दिवस जाऊ द्या. 'भीमायन' मोबाइलवर पीडीएफमध्ये वाचण्यात अर्थ नाही, रेषा एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहत जातात, म्हणून छापील प्रतच मिळवा. घरात लहान मुलं असतील तर 'लंडन जंगल बुक' त्यांच्या हाती बिनधास्त द्या. 'फन होम' आणि 'स्टिचेस' मात्र मोठ्यांसाठी.